‘संगनमत करून’ या शब्दांपुढे तारीख हवी

जिल्हा न्यायालयात दिवाणी काम करणाऱ्या कोणत्याही वकिलाच्या कपाटातील जुनी वादपत्रे काढून पाहिली, तर त्यांत एक परिच्छेद हमखास सापडतो. ‘प्रतिवादी क्र. १ ते ११ यांनी आपापसात संगनमत करून, कटकारस्थान रचून व वादीच्या अज्ञानाचा गैरफायदा घेऊन वादीची घोर फसवणूक केली असून खोटे, बनावट व बेकायदेशीर दस्त तयार केले आहेत.’ वकिलीच्या पहिल्या काही वर्षांत हा परिच्छेद मीही लिहिला आहे. वरिष्ठांच्या फायलीतून तो जसाच्या तसा उतरवून घेतला जाई आणि फक्त प्रतिवादींची संख्या बदलली जाई. आज तो वाचताना दिसते ते इतकेच, की त्यात अकरा माणसांवर तीन गंभीर आरोप आहेत आणि एकही तारीख नाही. कोणता दस्त, कोणत्या दिवशी, कोणी काय सांगितले म्हणून सही झाली, आणि अकरापैकी सातव्या माणसाने नेमके केले काय, यांपैकी कशाचेही उत्तर त्यात नाही.

असे वादपत्र पुराव्यापर्यंत जाऊ न देता आरंभीच नामंजूर करणे न्यायालयाने अधिक धीटपणे करावे, असे माझे मत आहे. मात्र वादीला जे माहीत असू शकते ते त्याने सांगितले आहे की नाही, एवढीच त्याची कसोटी असावी, आणि नामंजुरीपूर्वी न्यायालयाने वादीला तोंडी विचारून पाहावे. या दोन अटी सोडल्या, तर तेच हत्यार ज्याची खरोखर फसवणूक झाली आहे त्याच्यावरच चालते.

कायदा या बाबतीत मुका नाही. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या आदेश ६ नियम ४ प्रमाणे कपट, गैरवाजवी दडपण, विश्वासघात असे काही म्हणायचे असेल, तर त्याचा तपशील, आवश्यक तेथे तारखा व बाबींसह, वादपत्रातच द्यावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाने १९५१ सालीच सांगून ठेवले आहे की मोघम आरोप कितीही कडक भाषेत केले तरी त्यांना कपटाचे कथन म्हणता येत नाही आणि न्यायालयाने त्यांची दखलही घेण्याचे कारण नाही. आदेश ७ नियम ११ प्रमाणे वादपत्रातून दाव्यास कारण, म्हणजे दाद मागण्याचा हक्क देणाऱ्या घटना, दिसत नसतील, किंवा दावा मुदतीबाहेर असल्याचे वादपत्रावरूनच उघड होत असेल, तर ते नामंजूर करावयाचे असते, आणि तेही प्रतिवादीची बाजू विचारात न घेता, निव्वळ वादीच्या मजकुरावरून. वकिलांच्या बोलण्यात या अर्जाला ‘सेव्हन इलेव्हन’ म्हणतात. एवढे सगळे असूनही पहिल्या परिच्छेदातले ते वादपत्र नोंदले जाते, समन्स निघते आणि गाडी पुढे चालू लागते.

पुढे काय होते, हे न्यायालयाबाहेरच्या वाचकाला सहसा दिसत नाही. मोघम आरोपाला मोघम नकाराखेरीज दुसरे उत्तर देता येत नाही. प्रतिवादी आपल्या कैफियतीत लिहितो, ‘कलम ७ मधील मजकूर खोटा असून या प्रतिवादीस कबूल नाही.’ त्यावरून न्यायालय मुद्दा काढते, ‘प्रतिवादींनी संगनमताने वादीची फसवणूक केली, हे वादी शाबीत करतो काय?’ आणि मग तीन-चार वर्षांनी वादी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहतो, तेव्हा पहिल्यांदा कळते की त्याचे म्हणणे नेमके काय आहे. बहुधा तेही तोपर्यंत प्रतिवादीने हजर केलेली कागदपत्रे पाहून बेतलेले असते. ज्या आरोपाचे उत्तर द्यायचे तो आरोपच उलटतपासाच्या दिवशी आकार घेणार असेल, तर बचाव तयार कधी करायचा?

मधल्या काळाची किंमतही खरी असते. दावा दाखल होताच निशाणी ५ चा तात्पुरत्या मनाईचा अर्ज येतो. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५२ मुळे दावा चालू असताना झालेला व्यवहार निकालाच्या अधीन राहतो. आपल्याकडे १९३९ च्या मुंबई दुरुस्तीमुळे त्यासाठी दाव्याची नोटीस नोंदवावी लागते खरी, परंतु ती नोंदवायला कपटाचा कसलाही पुरावा लागत नाही. बँक कर्ज थांबवते, खरेदीदार विसार परत मागतो, आणि ज्याने आयुष्यभराच्या बचतीतून दोन गुंठे घेतले तो माणूस ‘जमीन कोर्टात आहे’ एवढ्या एका वाक्याने अडकतो. त्यातून सुटण्यासाठी पुष्कळ जण पैसे देऊन तडजोड करतात, आणि ज्या वादीजवळ सांगण्यासारखे काही नव्हते त्याला केवळ दावा दाखल केल्याचे पैसे मिळतात. शिवाय कपट हा इतर आरोपांसारखा आरोप नाही. करारभंग केला म्हणणे वेगळे आणि लबाडी केली म्हणणे वेगळे. दुसऱ्यात माणसाचे नाव जाते आणि दहा वर्षांनी दावा फेटाळला गेला तरी गावात ते परत येत नाही.

संगनमताच्या आरोपात हा दोष आणखी वाढतो. दिवाणी कायद्यात कट हा अपकृत्य, म्हणजे भरपाई मागता येईल असे गैरकृत्य, म्हणून दाद मागण्याजोगा होण्यासाठी दोघा-तिघांचा मेळ असावा लागतो, त्या मेळामागे वादीला इजा पोहोचवण्याचा हेतू किंवा बेकायदा साधनांचा वापर असावा लागतो, आणि त्यातून वादीचे नुकसान झालेले असावे लागते. रोहतास इंडस्ट्रीजच्या संपाच्या प्रकरणात कंपनीने कामगारांकडून संपकाळातील नुकसान मागितले होते. सर्वोच्च न्यायालयाने ते नाकारले, कारण कामगारांनी एकत्र येणे आपल्या मागण्यांसाठी होते, कारखाना बुडवण्यासाठी नव्हे. म्हणजे माणसे एकत्र दिसली, एवढ्याने कट होत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली टेलिफोन कंपन्यांविरुद्धच्या एका दाव्यात हेच आणखी काटेकोरपणे सांगितले: सगळ्या कंपन्या सारख्याच वागल्या, एवढ्यावरून त्यांचा आपसात करार होता असे म्हणता येत नाही, करार झाल्याचे सुचवणारी घटना दावा लिहितानाच मांडली पाहिजे.

आपल्या वादपत्रांत मात्र ‘संगनमत’ हा शब्द माणसे बांधण्याच्या दोरीसारखा वापरला जातो. भावाने विक्रीखत केले, म्हणून भाऊ प्रतिवादी झाला. ते समजण्यासारखे आहे. त्यापाठोपाठ खरेदीदार, दोन्ही साक्षीदार, दस्तलेखक, फेरफार नोंदवणारा तलाठी, तो मंजूर करणारा मंडळ अधिकारी आणि कर्ज देणाऱ्या बँकेचा शाखा व्यवस्थापकही त्याच दोरीत येतात. त्यांतल्या प्रत्येकाने आपले रोजचे काम केले, याव्यतिरिक्त वादपत्रात त्यांच्याविषयी काहीही नसते. अशा सातव्या-आठव्या प्रतिवादीपुढे एक तांत्रिक अडचणही उभी राहते. मुंबईतील फ्लॅट खरेदीदारांच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली स्पष्ट केले, की आदेश ७ नियम ११ खाली वादपत्र नामंजूर व्हायचे तर ते संपूर्ण व्हावे लागते. एका प्रतिवादीपुरते ते नामंजूर करता येत नाही. मग पहिल्या प्रतिवादीविरुद्ध खरोखर कारण असेल, तर आठव्याला त्याच्याबरोबर शेवटपर्यंत चालावे लागते. त्याच्यासाठी दोन वाटा उरतात: आदेश ६ नियम १६ खाली निरर्थक व त्रासदायक मजकूर काढून टाकण्याची मागणी करणे, किंवा आदेश १ नियम १० खाली आपले नाव कमी करून घेणे. या दोन्ही तरतुदी तालुक्याच्या ठिकाणी फार क्वचित वापरल्या जातात. त्या वापरात आल्या पाहिजेत, कारण मोघम संगनमताचा खरा बळी हा कडेचा प्रतिवादी असतो.

आता दुसरी बाजू. ती वरवर मांडून पुढे जाण्यासारखी नाही.

फसवणूक करणारा माणूस तपशील मागे ठेवत नाही. ज्या बहिणीला ‘वारसनोंदीसाठी सही लागते’ असे सांगून दुय्यम निबंधक कार्यालयात नेले आणि हक्कसोडपत्रावर अंगठा घेतला, तिला दस्ताचा क्रमांक कुठून माहीत असणार? तिच्या भावाने आणि खरेदीदाराने आधी कोठे बसून काय ठरवले, हे तिला कधीच कळणार नाही. कट हा लपूनच केला जातो, आणि त्याचा पुरावा कट करणाऱ्यांच्या खिशात असतो. अशा बाईला ‘तपशील नाही, म्हणून वादपत्र नामंजूर’ असे सांगणे म्हणजे फसवणूक जितकी सफाईदार तितकी ती सुरक्षित, असा नियम करण्यासारखे आहे. आरंभीच्या नामंजुरीला विरोध करणारे वकील हेच सांगतात, आणि त्यांच्या या म्हणण्यात मोठे तथ्य आहे.

परंतु गुजरातेतील दोन प्रकरणे शेजारी ठेवून वाचली, तर रेषा कोठे ओढायची हे दिसू लागते. पहिले सुरतचे, २०२० सालच्या निकालाचे. वादींनी स्वतः जुलै २००९ मध्ये शेतजमिनीचे नोंदणीकृत विक्रीखत करून दिले होते. किंमत होती १ कोटी ७४ लाख २ हजार रुपये आणि ती छत्तीस धनादेशांनी मिळाल्याचे दस्तातच लिहिले होते. डिसेंबर २०१४ मध्ये त्यांनी दावा लावला, की प्रत्यक्षात फक्त ४० हजार रुपये मिळाले आणि बाकीचे धनादेश बोगस होते. दरम्यान जमीन २०१३ साली पुढे विकलीही गेली होती. सर्वोच्च न्यायालयाने वादींचेच म्हणणे खरे धरून विचार केला. पैसे मिळाले नाहीत, हे त्यांना २००९ सालीच कळले असणार. पाच वर्षांहून अधिक काळ त्यांनी कोणतीही कारवाई केली नव्हती. आणि किंमत थकली म्हणून पूर्ण झालेली विक्री रद्द होत नाही, किमतीच्या वसुलीचा हक्क तेवढा राहतो. तीन वर्षांची मुदत उलटून गेली होती. वादपत्र नामंजूर झाले.

दुसरे प्रकरण २०१८ सालच्या निकालाचे. वडिलोपार्जित जमिनीतल्या हिस्सेदार बहिणींचे म्हणणे होते, की भावांनी १९९६ साली त्यांच्या अपरोक्ष नोंदणीकृत विक्रीखत केले आणि ते त्यांना फार उशिरा कळले. दावा २०१३ सालचा. विक्रीखत आणि दावा यांत सतरा वर्षांचे अंतर होते, म्हणजे सुरतच्या प्रकरणापेक्षा कितीतरी जास्त. तरीही सर्वोच्च न्यायालयाने वादपत्र कायम ठेवले. मुदत अधिनियम, १९६३ च्या कलम १७ प्रमाणे कपटाच्या बाबतीत मुदत मोजायची ती कपट उघड झाल्यापासून किंवा वाजवी दक्षता घेतली असता उघड होऊ शकले असते तेव्हापासून. या बहिणी दस्तात सामील नव्हत्या, आणि त्यांना केव्हा कळले हा प्रश्न पुराव्याशिवाय सुटणारा नव्हता.

वर्षांची संख्या या दोन निकालांना वेगळे करत नाही. सुरतच्या वादींच्या हातात धनादेश होते आणि दस्त त्यांनी स्वतः करून दिला होता. जे सांगायला हवे होते ते सगळे त्यांच्या घरात होते. बहिणींच्या हातात काहीच नव्हते. म्हणून वादीकडून मागायचा तपशील त्याच्या डोळ्यांसमोर घडलेल्या गोष्टींचा असावा. तुला निबंधक कार्यालयात कोणी नेले, साधारण कोणत्या महिन्यात, सही कशासाठी आहे असे सांगितले, कागद वाचून दाखवला का, पैसे मिळाले का, आणि हे सारे फसवे होते हे केव्हा व कशावरून कळले, एवढे अक्षरशत्रू माणूसही सांगू शकतो. यात सही कशासाठी म्हणून सांगितले हा प्रश्न सर्वांत मोलाचा, कारण दस्ताचे स्वरूपच वेगळे सांगितले, म्हणजे वारसनोंद म्हणून हक्कसोडपत्रावर सही घेतली, तर तो दस्त मुळातच निरर्थक ठरू शकतो. स्वरूप ठाऊक होते पण आतल्या मजकुराविषयी खोटे सांगितले, तर तो केवळ रद्द करून घेण्याजोगा असतो, आणि तसे करून घ्यायला तीनच वर्षे मिळतात. मोघम परिच्छेद लिहिणारा वकील हा भेदच पुसून टाकतो आणि आपल्या पक्षकाराची सर्वांत भक्कम बाजू स्वतःच्या हाताने घालवतो. दारामागे दोघांत काय ठरले याचा तपशील मात्र वादीकडे मागू नये. तेथे कोणत्या घटनांवरून तो तसे म्हणतो, एवढे पुरे.

‘कपट सारे काही निष्फळ करते’ हे सर्वोच्च न्यायालयाच्या १९९३ च्या निकालातले तत्त्व आपल्याकडे प्रत्येक कमकुवत दाव्याच्या युक्तिवादात म्हटले जाते. त्या प्रकरणात कपट म्हणजे काय होते, हे सहसा कोणी वाचत नाही. वादीने स्वतः करून दिलेले एक नोंदणीकृत हक्कसोडपत्र न्यायालयापासून लपवून हुकूमनामा मिळवला होता. कपट कोणत्या कागदाचे, हे तेथे बोट ठेवून दाखवता येत होते, आणि म्हणूनच ते तत्त्व तेथे लागू झाले.

उलट बाजूने ‘सेव्हन इलेव्हन’च्या अर्जाचाही गैरवापर होतो, हे मान्य केलेच पाहिजे. अर्ज फेटाळला की पुनरीक्षण, तेथून वर, आणि मूळ दावा जेथल्या तेथे. अर्ज प्रथम निकाली काढावा, पण त्याचा आधार घेऊन कैफियत लांबवू देऊ नये, असे २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे. तरीही, खरोखर फसवलेल्या वादीची पहिली काही वर्षे या अर्जातच जातात, असे आमच्या न्यायालयांत घडते. नामंजुरी लवकर व्हावी असे म्हणणाऱ्याने, नकारही तितक्याच लवकर आणि एका परिच्छेदाच्या कारणांसह दिला जावा असे म्हटले पाहिजे.

या सगळ्यावर एक साधा उपाय पूर्वी संहितेतच होता. आदेश ६ नियम ५ खाली न्यायालय अधिक व नेमका तपशील देण्याचा हुकूम करू शकत असे. १९९९ च्या दुरुस्तीने हा नियम वगळला आणि १ जुलै २००२ पासून तो गेला. दावे लवकर निघावेत म्हणून ती दुरुस्ती झाली होती. त्यात नेमका तो नियम गेला, ज्यामुळे मोघम दावा एकतर नेमका झाला असता किंवा संपला असता. आज न्यायाधीशापुढे दोनच टोके उरतात: मोघम वादपत्र तसेच चालू द्यायचे किंवा ते नामंजूर करायचे. नामंजुरीनंतर आदेश ७ नियम १३ खाली नवा दावा आणता येतो खरा, पण मुदत तोवर संपलेली असते. नियम ५ परत आणला पाहिजे. तीस दिवसांत तपशील द्यावा, न दिल्यास वादपत्र नामंजूर, इतका तो सरळ असावा.

तोपर्यंतही मार्ग बंद नाही, आणि तो मार्ग ज्या निकालाचा सर्वांत जास्त दाखला दिला जातो त्यातच आहे. १९७७ साली न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर यांच्यापुढे बंगळूरच्या एका भाडेकरूच्या मुलाचा दावा आला होता. बापाविरुद्धचा बेदखलीचा आदेश उच्च न्यायालयापर्यंत कायम झाल्यावर मुलाने तो आदेशच कपटाने व संगनमताने मिळवला, असे म्हणत नवा दावा लावला. चलाख मांडणीने दाव्यास कारण असल्याचा निव्वळ आभास निर्माण केला असेल, तर तो पहिल्याच सुनावणीत खुडून टाकावा, हे त्यांचे म्हणणे प्रत्येक अर्जात उतरवले जाते. परंतु त्याच वाक्यात ते कसे करावे, हेही त्यांनी सांगितले होते: आदेश १० खाली पक्षकाराला समोर उभे करून त्याची कसून तोंडी विचारपूस करावी. वाक्याचा हा उत्तरार्ध अर्जांत गळतो. त्याच निकालात त्यांनी वकिलांनाही सांगितले होते, की संशयास्पद पक्षकारांच्या भुलीला न पडता त्यांनी खोटे दावे आपल्या पातळीवरच गाळून काढावेत. खोट्या दाव्याबद्दल कलम ३५-अ खाली मिळणाऱ्या भरपाईची कमाल मर्यादा व्यापारी वाद वगळता आजही तीन हजार रुपये आहे. एका तारखेला वकील आणि पक्षकार यांचा होणारा खर्चही त्यातून निघत नाही. ती मर्यादा काढल्याखेरीज केवळ समजावण्याने फार बदल होईल असे मला वाटत नाही.

आदेश १० चा वापर मी प्रत्यक्ष पाहिला तो एकदाच. वादी साठीच्या पुढची बाई होती, प्रतिवादी नऊ होते आणि वादपत्रात तोच ठरावीक परिच्छेद होता. प्रतिवादींच्या बाजूने नामंजुरीचा अर्ज माझा होता आणि तो मंजूर होईल याविषयी मला शंका नव्हती. न्यायाधीशांनी अर्ज बाजूला ठेवला, बाईंना पुढे बोलावले आणि विचारले, “बाई, सही कुठं केली तुम्ही?” त्या म्हणाल्या, कचेरीत नव्हे, दवाखान्यात; नवरा आत होता, त्याच्या ऑपरेशनसाठी पैसे भरायचे होते, आणि धाकट्या दिराने कागद आणून दिला तो ‘कर्जाचा आहे’ असे सांगून. दवाखान्याचा दाखला आहे का, असे विचारल्यावर त्यांनी पिशवीतून डिस्चार्ज कार्ड काढले. त्यावरच्या तारखा दस्ताच्या तारखेशी जुळत होत्या. हे सगळे सांगायला त्यांना दहा मिनिटेही लागली नाहीत. त्यांच्या वकिलांनी पुढच्या तारखेला वादपत्रात दुरुस्ती मागितली, नऊपैकी सात प्रतिवादींची नावे स्वतःहून कमी केली, आणि दीर व खरेदीदार एवढ्या दोघांविरुद्ध दावा उभा राहिला. माझ्या नऊ पक्षकारांपैकी सात जण त्या दिवशी मोकळे झाले. उरलेल्या दोघांची कैफियत मी नव्याने लिहायला घेतली, आणि या वेळी उत्तर कशाचे द्यायचे हे मला ठाऊक होते.